विहिरीच्या खताचं वाचन

नागपूर, गुरुवार

ती. आप्पा,

तुम्हाला आणि आईला राजेश्वरीचा नमस्कार.

लेखन शिकवणाऱ्या शिक्षकांचा माझा वर्ग पुढच्या वर्षीही चालणार, असं आज सकाळी संचालकबाईंनी सांगितलं. हे तुमच्यामुळं झालं.

जुन्या मोडी कागदांत विरामचिन्हं नसायची, वाचणारा अर्थ पाहून थांबायचा, हे नुसतं सांगून कुणाला पटेना. मग तुम्ही फोनवर वाचून पाठवलेलं आपल्या विहिरीच्या हक्काचं जुनं मोडी खत ऐकवलं. तुम्ही थांबाल तिथं शिक्षकांनी चिन्ह द्यायचं. शेवटी तुमचं "झालं गं पोरी, आता च्या घितो" ऐकून वर्ग हसला.

पण ‘विहिरीचे’ आणि ‘पाणी’ यांच्यामध्ये सगळ्यांनीच स्वल्पविराम दिला. चूक त्यांची नव्हती. तुम्हीच तिथं थांबला होता. मला मोडी शिकवताना हीच ओळ तुम्ही एका दमात वाचायचात. दम कधीपासून लागतोय? आईला माहीत आहे का?

दिग्विजयदादा सोमवारी तुम्हाला बारामतीला डॉक्टरांकडं नेणार आहे. "मला काय धाड भरलीया" म्हणून त्याला परत पाठवू नका. मंगळवारी मी कळसला पोचते. डॉक्टर काय म्हणाले ते तुमच्याच तोंडून ऐकेन.

तुमची,
राजेश्वरी