सोडून दिलेल्या दोन बसगाड्या

अप्पा, सोलापूरच्या घरात सकाळी तुम्ही चुलीजवळ पाटावर बसून ज्वारीची भाकरी शेंगाच्या चटणीशी खात असायचात आणि सुट्टीत घरी आलेली मी समोर उभी राहून कॉन्व्हेंटचा इंग्रजी धडा म्हणत असायची. तुम्हाला त्यातला एक शब्द कळत नव्हता. तरी मी अडखळले की तुमचा घास हातातच थांबायचा. "म्हण की पुढं," तुम्ही म्हणायचात. आई भाकरी थापता थापता हसायची. आज मी पंचावन्न ओलांडली, तरी ते आठवलं की तुमच्याविषयी माया दाटून येते, आणि त्याच मायेचा मला आता राग येतो. तुमच्यावर जीव नसता तर तुमचं सांगणं मी केव्हाच टाकून दिलं असतं.

होटगी स्टेशनाबाहेरची ती दुपार तुम्हाला आठवणार नाही. मी तेरा वर्षांची. आपल्याला गावी जायचं होतं, एकच टांगा होता आणि त्यात पोस्टातला एक कारकून आधीच बसलेला. मी उडी मारून त्याच्या शेजारी बसले. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि खाली उतरवलंत.

"परक्या पुरुषाशेजारी बसायचं न्हाय. पुन्हा सांगायला लावू नको."

"अप्पा, टांगा जाईल की!"

"जाऊ दे. आपलं काय अडलंय?"

आपण तीन मैल उन्हात चाललो. वाटेत तुम्ही तुमचा रुमाल माझ्या डोक्यावर टाकलात. तो रुमाल टाकल्यामुळेच तुमचा शब्द माझ्यात इतका खोल गेला, असं आता वाटतं.

तुमची नात, माझी मुलगी, विलायतेत डॉक्टरीचा अभ्यास करत होती. तुम्ही तिला पाहिलंच नाहीत. तिच्या पोटात गाठ निघाल्याची तार आली तेव्हा यजमान अंथरुणाला खिळले होते. मग मी एकटीच रेल्वेने कराची गाठून तिथून विमानाने निघाले. शस्त्रक्रिया मी पोचणार त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होती आणि रुग्णालयात भेटीची वेळ दुपारी दोन ते चार. मी लंडनच्या विमानतळावर उतरले तेव्हा अजून दोन वाजायचे होते. न्यायला येणारे गृहस्थ आलेच नाहीत. हमालाने रस्त्यावरचा खांब दाखवला: इथे बस थांबते, वीस मिनिटांनी एक, थेट शहरात जाते.

पहिली दुमजली बस आली. खाली एकच जागा रिकामी, शेजारी वर्तमानपत्र धरलेला पुरुष. कंडक्टर म्हणाला, "चला बाई, एक जागा आहे." मी म्हटलं, "मी पुढच्या बसने येईन." "त्या बसमध्येही माणसंच असतात हं," तो म्हणाला आणि घंटी वाजवली. दुसऱ्या बसमध्ये एका तरुणाने उठून मला जागा दिली, पण त्या बाकावर खिडकीशी दुसरा पुरुष होताच. वरच्या मजल्यावर सगळे सिगारेटी ओढत बसलेले. मी मान हलवली. तीही गेली. अप्पा, मी त्या थंड रस्त्यावर उभी आहे, माझी मुलगी दाराकडे डोळे लावून पडली आहे, आणि माझं मनगट अजून तुमच्या हातात आहे.

भाजीची पिशवी घेतलेली एक म्हातारी शेजारी उभी होती. "कुठे जायचंय?" तिने विचारलं. मी सांगितलं. "कोण आहे तिथे?" "मुलगी." "आणि तुम्ही बसगाड्या सोडताय? वेड लागलंय का तुम्हाला?" तिसरी बस आली तशी तिने मला दंडाला धरून आत ढकललं आणि एका पुरुषाच्या शेजारी बसवलं. तो तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. ज्याला मी चाळीस वर्षं भ्याले, तो हा.

मी रुग्णालयात पोचले तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. दारातली परिचारिका म्हणाली, "वेळ संपली. तिला विश्रांती हवी. उद्या या." तुम्ही मला कॉन्व्हेंटात घालून शिकवलेलं इंग्रजी फार शुद्ध होतं, अप्पा. भांडायला त्यात एक शब्द नव्हता. "थँक यू, सिस्टर," असं म्हणून मी मागे फिरले. सकाळी ती क्लोरोफॉर्मखालून उठलीच नाही.

मेलेल्या माणसाशी भांडण बरं नव्हे, हे मला कळतं. तरी मी भांडते. परक्या पुरुषाने माझं काय नेलं असतं? तुमच्या शब्दाने माझी मुलगी शेवटची बघायची राहिली. तिने विचारलं असेल ना, "आई आली का?" कुणी तरी "नाही" म्हटलं असेल. त्या "नाही"वर तुमचं नाव आहे. माझंही आहे, आणि ते मला पुसता येत नाही.

आता भावाची नात पुढच्या आठवड्यात पुण्याला शिकायला निघाली आहे. तिच्यासोबत कोण जाणार यावर घरात खल चालला आहे. म्हणून माझ्यामागची व्यवस्था आजच वेगळ्या कागदावर लिहून ठेवली, तीच तुम्हाला सांगते. माझ्या मुलीचा लोकरीचा कोट आणि मनगटी घड्याळ त्या पोरीला, तेवढं मात्र ती निघण्याआधीच. तिला एकटीला गाडीत बसवावं, आणि गाडीत जागा मिळेल तिथे तिने बसावं, हे माझं सांगणं कोटासोबतच द्यावं. माझ्या मुलीची वैद्यकाची पुस्तकं मिशनच्या दवाखान्याला. माझ्या पाटल्या स्वयंपाकाच्या बाईला, मी विलायतेहून परत आल्यावर तिने मला महिनाभर भरवलं आहे. लुगडी भावाच्या सुनांनी वाटून घ्यावीत. गळ्यातल्या इष्टलिंगाचा चांदीचा करंडा भावाला.

हा कागद मात्र कुणालाच नाही. घरात सगळ्यांना, यजमानांनासुद्धा, मी विमान उशिरा पोचलं असं सांगितलं आहे.