राणीचं काम

आई,

काल लिफ्टपाशी काका भेटले. आपल्या खाणावळीत जेवायचे ते, गिरणीत साचेखात्यातले जॉबर, म्हणजे बाबांचे मुकादम आणि जिवलग, शिवाय माझे नाटकातले गुरू. चाळ पाडून टॉवर झाला, तरी आम्ही अजून एकाच जिन्याची माणसं. हातात काठी आलीय, कानात मशीन आलंय, जीभ मात्र तीच. मला बघितलं नि सुरू, "तुझो बापूस देवमाणूस होतो गो. तुझ्या आवशीन वाट लावल्यान त्येची." गिरण्या गेल्या, तू गेलीस, बाबा गेले, पण हे वाक्य काही जात नाही. काल ते ऐकून वर आले आणि आज सकाळी चहा टाकायचा सोडून ही वही घेऊन बसले. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा पत्र कसलं, आपलं बोलणंच म्हण.

गिरण्यांचा संप इतका लांबला होता, की लोकांनी कधी संपेल हे विचारणंसुद्धा सोडून दिलं होतं. खाणावळीतले बहुतेक गडी गावी निघून गेले, काकांसारखे दोघंतिघं उरले. तू त्यांना पेज नि सुक्या बांगड्याचा तुकडा वाढायचीस आणि पुन्हा हवंय का म्हणून विचारायचं टाळायचीस. रिकाम्या हातांनी बसलेले पुरुष एकमेकांच्या अंगावर येऊ लागले, तेव्हा काकांनी नाटक काढलं, गणपतीत मंडपात करायला. दर वर्षी बायकांची कामं करायला बाहेरून नटी आणायचे. त्या वर्षी ती ऐपत कुणाची होती? म्हणून मला उभं केलं. जुनी शोकांतिका होती. राजा सरदाराच्या घरी पाहुणा म्हणून येतो, सरदाराची बायको नवऱ्याला भरीला घालते, झोपलेल्या राजाचा त्याच्याच हातून खून करवते, राणी होते, आणि शेवटी वेडी होऊन मरते. चाळीतली पोरगी असलं काम करणार म्हणून किती जणांनी नाकं मुरडली! तू म्हणालीस, "करूंदे. नायतरी घरात तोंड चालवताच."

मी ओट्याला टेकून पाठांतर करतेय, तू पाट्यावर वाटप वाटतेयस. मी जोरात म्हणते, तुम्ही पुरुष आहात की नाही! आणि पाटा थांबतो. "आरडतंस कित्याक गो? घोवाक वळवूचा आसला तर आवाज खाली घेवचो. भात वाढता वाढता बोलूचा. त्येच्या तोंडाकडे बघूचा नाय." मी तसं करून बघितलं नि माझ्याच अंगावर काटा आला. मग तू गोष्ट विचारलीस आणि मी सगळी सांगितली. राणी वेडी होते म्हटल्यावर तू इतकी हसलीस, की डोळ्याला मसाल्याचा हात लागला. "बायकांका येडा व्हवक टायम खय गावता?" आणि वाटपाचा गोळा उचलता उचलता म्हणालीस, "आणि तिका एकटीक कित्याक बोल लावतत? ढकलल्यावर जो जाता ना, तो आधीच उतारावर उभो आसता." मला वाटलं, तू तिची बाजू घेतेयस. म्हटलं, वा! आमच्या घरातच राणी आहे.

त्याच सुमाराला गिरणीतून निरोप फिरू लागले. जो आधी कामावर येईल त्याला बढती. बाबांना निरोप आला तो जॉबरकीचा, म्हणजे काकांच्याच जागेचा. पलीकडच्या चाळीतला एक जण असाच संप मोडून आत गेला होता. बाहेर आला त्या संध्याकाळी नाक्यावर पोरांनी त्याला असा फोडला, की पुढे तो कुबडीवरच चालला. हे आपण सगळ्यांनी गॅलरीतून बघितलं होतं. आणि त्यानंतर दुपारी काका जेवून गेले की तू बाबांना वाढायला बसायचीस. मी तांदूळ निवडत दाराशी असायचे. तू भात वाढतेयस, आवाज खाली, नजर पातेल्यात. बाबा मान खाली घालून कालवतायत. शब्द एकही ऐकू येत नव्हता, पण ऐकायची गरजच काय होती? तो प्रवेश मला तोंडपाठ होता. ही बाई माझ्या बापाला मारून टाकणार, एवढं एकच डोक्यात.

आणि एका सकाळी बाबा पहिल्या पाळीला गेले. पोलिसांच्या गाडीतून. काका संपकऱ्यांबरोबर गिरणीच्या गेटवर बसले होते, त्यांनी जाळीतून बाबांचं तोंड बघितलं.

संध्याकाळी चाळीच्या तोंडाशी पोरं उभी होती. सायकलच्या चेनी हातात. काका भिंतीला टेकून उभे. बाबा कोपऱ्यावरून वळले, पोरं पुढे सरकली, आणि तेवढ्यात तू! पदर खोचलेला, पायात चप्पल नाही, धाडधाड जिना उतरून सगळ्यांच्या आधी तू बाबांची कॉलर धरलीस. "पयल्याच दिवशी उशीर? असोच जॉबर व्हतलंस काय रे?" जन्मात कधी तू बाबांना अरेतुरे केलं नव्हतंस. मग पोरांकडे वळलीस. "बघतास काय? मीच धाडलंय त्येका! घरात बसान बांगड्यो भरूक? माका इचारा काय ता!" बाबा खाली मान घालून उभे, तू त्यांच्या पाठीत धपाटा घालतेयस, पिशवी हिसकावतेयस. आधी एक जण फिसकन हसला. मग दुसरा. "बायकोचा बैल रे!" आणि सगळा नाका खदाखदा हसायला लागला. चेनी खाली झाल्या. काका तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "वयनी, आजपासून तुमच्या हातचा जेवण बंद." बाबांवर कुणी बोट उचललं नाही. मी मात्र गॅलरीत शरमेनं मेले.

मला वाटलं, माझं काम गेलं. पण काका दुसऱ्या दिवशी दारातूनच म्हणाले, "तालमीक ये. नाटकाचा नाटकात." आठवतं तुला तो प्रयोग? तू पहिल्या रांगेत येऊन बसलीस, केसात अबोलीचा वळेसर, जसं काही तुझ्याच घरचं कार्य. तोवर नळावर बायका तुझी बादली बाजूला सारायला लागल्या होत्या, हळदीकुंकवाला कुणी बोलवत नव्हतं, आणि पोरंटोरं तुला 'राणीसरकार' म्हणायची. मी नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलायला लागले, तसा सगळा मंडप माझ्याकडे बघायचा सोडून तुझ्याकडे बघायला लागला. मागून कुणी तरी ओरडलं, "खरी राणी खाली बसलीय!" केवढा हशा! आणि तू काय करावंस? वळलीस, सगळ्यांवरून नजर फिरवलीस, आणि पदर सारखा करून पुन्हा ताठ बसलीस. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुढचं सगळं काम मी तुझ्याकडे बघत केलं. माझं फार कौतुक झालं. मंडळानं स्टीलचा डबा दिला, त्यात मी अजून रवा ठेवते.

तुझी खाणावळ पुन्हा उभी राहिली नाही. गद्दाराच्या घरचं कोण खाणार? पण गद्दार हा शब्द बाबांसाठी कुणी वापरला नाही, तो तुझ्या वाट्याला गेला. बाबा बिचारे, बाबा साधे, बाबा बायकोपुढे लाचार. गिरणी पुढे बंदच पडली, जॉबरकी चार दिवसांची ठरली. तू गेलीस तेव्हा खांदा द्यायला काका आले नाहीत, आणि मला ते रास्तच वाटलं.

मग बाबांचं शेवटचं दुखणं. मी त्यांना पेज भरवत होते. काय मनात आलं कोण जाणे, चमचा हातानं बाजूला केला नि म्हणाले, "ती नको म्हणत होती." कोण, म्हटलं. "तुझी आवस. रोज दुपारी. त्येची जागा घेव नका, तो आपल्या ताटात जेवता, म्हणाची. पाय धरल्यान माझे. मीच ऐकूक नाय." मी म्हटलं, बाबा, घरात दाणा नव्हता, माझं शिक्षण होतं. तर मला थांबवून म्हणाले, "तुझ्यासाठी नाय गो. माका जॉबर व्हवचा होता. इतकी वर्सा त्येच्या हाताखाली काढलंय, एकदा माका त्येच्या जाग्यार बसूचा होता." आणि कामावर जायच्या आदल्या दिवशी तू त्यांना सांगितलंस म्हणे, "जातच आसात तर जावा. पण नाव माझा सांगा. बायकोचो बैल म्हणतीत, म्हणूंदेत. हसणारी माणसा हात उगारणत नाय."

आई गं! मी तांदूळ निवडत बसले होते त्या दाराशी. चार हातांवर.

काल काकांना सांगावं असं ओठांवर आलं होतं. सांगितलं तर काय होईल? चाळीतली उरलेली म्हातारी माणसं बाबांना गद्दार म्हणतील, देवमाणूस म्हणणारे हे एकटे काकासुद्धा. ज्यासाठी तू जन्मभर नळावरची बोलणी खाल्लीस ते मी एका मिनिटात लिफ्टपाशी उधळून टाकू? काका म्हणाले, "तुका राग नाय येणा आवशीचो?" मी म्हटलं, "येतो तर! आई तशीच होती ओ. बाबांचं काही चालायचं नाही तिच्यापुढे." त्यांना बरं वाटलं. माझा हात धरून लिफ्टमध्ये चढले.

राग खरंच येतो, पण दुसऱ्या गोष्टीचा. सगळ्या चाळीला फसवलंस ते ठीक. मला तरी सांगायचं होतंस! मी पोटची पोर, इतकी वर्षं तुझ्याशी फटकून वागले. तुझ्या हातचं जेवताना तोंड वाकडं केलं. तू एकदाही, अगदी मरतानासुद्धा, तोंड उघडलं नाहीस. का, ते आता कळतं. मला ठाऊक असतं तर मी त्या स्टेजवरून तुझ्याकडे तसं बघू शकले असते का? चाळीनं माझं तोंड बघूनच ओळखलं असतं. मलाही वापरून घेतलंस, सगळ्यांसारखंच.

ही पानं फाडून टाकते. घरात कुणाच्या हाती लागायला नकोत. एवढं मात्र तुला सांगून ठेवते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. लोक अजून म्हणतात, काय काम केलंस गं त्या वर्षी. मी काही काम केलं नव्हतं, आई. मला अभिनय येतच नाही.