नात्याचा रकाना

३ नोव्हेंबर, सोमवार
आलो बुवा जळगावात! मेहरूण तलावासमोर बंधुमंडळाची दुमजली इमारत, वरच्या मजल्यावर माझी खोली, खिडकीत पाणी आणि पहिल्याच जेवणाला असोद्याच्या वांग्यांचं भरीत. धुळ्याच्या छापखान्यात तीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या, आता मंडळाच्या पंचाहत्तरीची स्मरणिका स्वतः लिहायची आहे. पप्पा एकटा कसा राहणार, याची आयुषीला काळजी. रोज सकाळी नऊला फोन करीन म्हणाली. लग्न होऊन धुळ्यातच, देवपुरात संसार थाटला तरी बापाला शाळकरी पोरच समजते. मला ते फार आवडतं. तिला सांगत मात्र नाही, नाहीतर डोक्यावर बसेल.

५ नोव्हेंबर
जुने कागद वाचतोय. सन १९५० मध्ये स्टेशनवर एक अनोळखी माणूस वारला, खांदा द्यायला कुणी पुढे येईना. चार मित्रांनी दिला. तेच हे मंडळ. पुढे पाणपोई, नेत्रशिबिरं, आजाऱ्यांना खाटा, सगळं झालं. पण मुख्य काम तेच राहिलं. बेवारस मृताला बेवारस म्हणून जाळायचं नाही. एक सभासद दवाखान्याच्या फॉर्मवर नात्याच्या रकान्यात ‘भाऊ’ लिहितो, सही करतो आणि अग्नी देतो. मुसलमान असेल तर सभासद सत्तारभाऊ कब्रस्तानात नेऊन दफन करतात.
सभासद अकरा, सगळे इथेच राहतात. अध्यक्ष हीरालालभाऊ ऐंशीचे, एकेकाळचे कापड व्यापारी. संस्थांच्या आत्मस्तुतीची मुद्रितं मी ढिगानं तपासली आहेत. इथे मात्र एकही ओळ खोडावीशी वाटली नाही.

८ नोव्हेंबर
ज्यानं हे केलं नाही त्यानं लिहू नये, असं हीरालालभाऊ म्हणाले. मलाही पटलं. काल सकाळी गेलो. एसटी स्टँडवर मेलेला माणूस, साठीचा, डाव्या भुवईतून आरपार जुना व्रण. मी ‘भाऊ’ लिहिलं, सही केली. शववाहिकेचा चालक झिपरू पारोळ्याकडचा. मी सही करताना अडखळलो ते पाहून म्हणाला, “बठ्ठा आपलाच शेतस, जितेंद्रभाऊ.” सगळे आपलेच. अग्नी देताना रडलो.
आज आयुषीला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, तो दिसायला कसा होता.

११ नोव्हेंबर
नऊचा फोन दोन दिवस नाही. दुपारी मीच केला. एरवी ‘पप्पा, तू’ म्हणणारी पोरगी आज ‘तुम्ही’ म्हणाली. पाहुण्याशी बोलतात तशी, अगदी नीट. रागावली असेल.

१३ नोव्हेंबर
कोण बोलतंय, असं तिनं विचारलं. मी हसलो. ती हसली नाही. आमच्याकडे सुतक आहे, पप्पा गेले, नंतर करा, म्हणाली आणि फोन ठेवला.

१४ नोव्हेंबर
पहिल्या बसनं धुळं. दार आयुषीनं उघडलं. रडून डोळे सुजलेले. कोण हवंय, विचारलं. उन्हातून आलात म्हणून पाणी दिलं.
भिंतीवर हार घातलेला फोटो. डावी भुवई चिरलेली. खाली माझी जन्मतारीख.
शेजारी तिच्या लग्नातला फोटो. मी शिवून घेतलेला कोट, माझं घड्याळ, आत तो. तिचा हात त्याच्या हातात.
घर चुकलो म्हणालो. पेला तिच्या हातात परत दिला. तिनं जिन्यापर्यंत सोडलं, पायऱ्या सांभाळून उतरा म्हणाली.

१५ नोव्हेंबर
हीरालालभाऊंना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. रावेरला त्यांचे दोन मुलगे केळीचा व्यापार करतात. मुलांच्या भिंतीवर बाप म्हणून एका हमालाचा फोटो आहे. बेवारस माणसाला घर द्यायचं तर ते कुणाचं तरी द्यावंच लागतं, म्हणाले. पहिल्यालाच सगळं जातं. पुढच्यांना मागायला काही उरत नाही, म्हणून पुढच्या सह्या सोप्या.
आधी का नाही सांगितलं, मी विचारलं. सांगितलं असतं तर त्याला खांदा कुणी दिला असता, म्हणाले.
मला राग यायला हवा होता. वाट पाहिली. आला नाही.

१६ नोव्हेंबर
मंडळाच्या जुन्या स्मरणिकांत सभासदांच्या कुटुंबाचं पान आहे. पंचवीस वर्षांच्या वेळी कोरं, पन्नासच्या वेळी कोरं. छपाईची चूक समजलो होतो —
चहा उकळता होता. जीभ पोळली, कळलं नाही.

१७ नोव्हेंबर
दवाखान्यातून बोलावणं. दुसरी सही. या वेळी अडखळलो नाही —

१८ नोव्हेंबर
नऊ वाजता मंडळाच्या कार्यालयात फोन. मी उचलला. तिचा आवाज.
पप्पांना अग्नी कुणी दिला ते कळलं म्हणाली. आभार मानायचे आहेत. उद्या तेरावं, जेवायला या. नाही म्हणू नका. आमच्याकडचं आता मोठं माणूस कुणी राहिलं नाही —
हो म्हणालो.
मग तिनं विचारलं, तुम्ही पप्पांचे कोण लागता.
तिला वाटलं फोन कट झाला. हॅलो, हॅलो म्हणत राहिली. तिनं फोन ठेवू नये म्हणून मी घाईनं म्हटलं, बाळा, मी त्यांचा भाऊ.