बॅटरीचं लंघन

१२ जून १९९९, सकाळ

लॅपटॉप आला! चेतनने अमेरिकेहून मित्राबरोबर पाठवला. पोरगं गुणी आहे. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा ऑफिसात सगळे हसले होते. हसा म्हणावं. आता कन्सल्टन्सी. पहिलं गिऱ्हाईक जवळजवळ ठरलंय: सिकंदराबादचे नामदेवराव, ट्रकच्या स्पेअर पार्टचे व्यापारी. गोदामातला स्टॉक त्यांना कॉम्प्युटरवर हवाय. महिनाअखेर डेमो. फसला तर दिलसुखनगरला मेव्हण्याच्या, सुरेशच्या, साडीच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, असं बायकोने, रजनीने, कबूल करून घेतलंय. घेऊ दे. ती वेळच येणार नाही.

१३ जून

सगळ्यात आधी बॅटरी. बॅटरी म्हणजे पोट. वडील सांगत, पोट साफ रिकामं होऊ द्यावं, मगच भरपेट जेवावं. सत्तरीतही त्यांना चष्मा नव्हता. तोच नियम इथे. शून्यावर आल्याशिवाय वायर लावायची नाही, लावली की पूर्ण भरेपर्यंत काढायची नाही. आजपासून मीही तसाच जेवणार.

दुपारी ४. मिरची भजी. कोपऱ्यावर ताजी निघत होती. हे जेवणात धरत नाहीत.

१७ जून

बॅटरी लवकर संपत नाही. संपवायची म्हणून दिवसभर लॅपटॉपवर पत्ते खेळलो. पाठ धरली. मेंटेनन्सचं काम कुणाला दिसत नाही. प्रोग्रॅम उद्या.

२० जून, रविवार

चेतनचा फोन. म्हणाला, बाबा, ही लिथियमची आहे, हिला उपाशी मारू नका, थोडी थोडी केव्हाही चार्ज करा, शून्यावर नेऊन नेऊन लवकर म्हातारी होईल. आणि तापू देऊ नका. हो हो म्हटलं. तिकडे जाऊन पोरांना दिवसभर चरायची सवय लागते. बॅटरीलाही लावतात.

२४ जून

प्रोग्रॅम होत आला. म्हणजे रजनी करतेय. शाळेत गणित शिकवून आली की पार्टांची नावं घालते, बेरजाही तीच बसवते. टायपिंगचं काम. दिशा माझी. आज बॅटरी अर्ध्यावर असताना तिने वायर लावली. मी काढली. म्हणाली, अहो, आपल्या विद्यानगरला रोज करंट जातो, तेव्हा काय करणार? तिला शिस्त समजावली. ती स्वयंपाकघरात गेली. भांडी आदळत होती. पटलं असावं.

२९ जून

उद्या डेमो. बॅटरी अर्धी. रजनी म्हणते, भरून ठेवा. अर्ध्या पोटावर वाढायचं? संपवायलाच बसलो. डाव छान पडत गेले, पण थोडी उरलीच. असू दे. उद्या तिथे संपेल, मग भरू.

३० जून

गोदामात पंधरावीस माणसं, चहा, उस्मानिया बिस्किटं. मी प्रस्तावना केली. उदारीकरण, एकविसावं शतक, शिस्त. फार रंगली. तेवढ्यात बॅटरीचं चिन्ह लाल झालं. नामदेवराव म्हणाले, साब, बाजूलाच प्लग आहे, वायर लावा की. मी म्हटलं, नक्को, आत्ताच लावली तर तिची सवय मोडेल. त्यांनी सोबत आलेल्या रजनीला विचारलं, हौला आहे का हो हा माणूस, डोकं ठिकाणावर आहे ना? स्क्रीन काळा झाला.

मग तिने माझ्या हातातली वायर घेतली, लावली, आणि सगळं दाखवलं. कुठली क्लच प्लेट कुठल्या रॅकवर, किती शिल्लक. माणसं उठून टेबलाभोवती गोळा झाली. मी मागे उभा होतो. मागून सगळं नीट दिसतं.

२ जुलै

काम मिळालं! नामदेवरावांचा फोन. दर शनिवारी कन्सल्टंट हवा म्हणाले. म्हटलं, येतो. म्हणाले, तुम्ही नक्को, मॅडमना पाठवा. फोन रजनीला दिला. वाईट वाटलं. त्यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल, माझ्याबद्दल नाही.

१२ जुलै

आज दिलसुखनगरला पहिला दिवस. तात्पुरता. सुरेश म्हणाला, दाजी, गल्ल्यावर नको, तिथे ताई कॉम्प्युटर बसवून देणार आहे. तुम्ही घड्या घाला. दिवसभर साड्यांच्या घड्या घातल्या. संध्याकाळी शाळेतून परस्पर रजनी आली, गल्ल्याची जागा मोजली. मग माझ्यापाशी येऊन म्हणाली, अहो, जरा सरका, तुमच्या मागे प्लग आहे का बघू दे.

सरकलो.