बिनदोऱ्याची शिलाई

६ मार्च, गुरुवार

पुन्हा फौजदार! खालच्या मजल्यावरचे. जिन्यातच गाठलं. "बाई, गुरुवारीच बरा तुमच्या मशीनला चेव येतो?" मी म्हटलं, "ऑर्डर असते हो." निवृत्त झाले तरी नजर खात्यातलीच.

सरकारने आमच्या प्रार्थनाघराला सील ठोकल्यापासून आमची माणसं गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे जमतात. ती आतल्या खोलीत हळू गातात, मी बाहेर शिलाई मशीन मारते — गाण्याचा आवाज खाली जाऊ नये म्हणून. सासूबाईंना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांचं "हळू" म्हणजे दवंडीच! त्यांचा सूर चढला की मीही पाय जोरात मारते. सगळ्यांची प्रार्थना होते, माझी तेवढी राहते. तक्रार नाही. पण गावंसं वाटतं. खूप वाटतं.

८ मार्च, शनिवार

परदेशातून पथक येतंय. कुठे कोणाला आपला धर्म पाळू देतात, कोणाला नाही, याचा दरवर्षी अहवाल करतात म्हणे. आमच्यातल्या कोणाशी तरी बोलायचंय त्यांना. ह्यांनी आपलं घर सुचवलं — मला न विचारता! "अगं, कोणीतरी सांगायला नको का?" मी म्हटलं, "आणि ही खोलीपण सील झाली तर? आईंना घेऊन कुठे जायचं?" ह्यांनी उठून स्वतःच चहा करून आणला. साखर विसरले होते. मी प्यायले.

११ मार्च, मंगळवार

आल्या. पांढऱ्या केसांच्या एक बाई आणि दुभाषी मुलगी. मी ठरवलं होतं, तोंडाला कुलूप. "काही त्रास?" "नाही." "प्रार्थना?" "मनातल्या मनात." बाई लिहून घेत होत्या.

मग त्यांची नजर मशीनवर गेली. सुईखालची चिंधी उचलून त्यांनी उजेडाकडे धरली. भोकंच भोकं, टाका एक नाही! गुरुवारी दोरा कशाला फुकट घालवायचा म्हणून मी ओवतच नाही, आणि नेमकी चिंधी काढायची राहिली. माझ्या आईचंही असंच मशीन होतं, बाई म्हणाल्या. मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं — सील, गुरुवार, सासूबाई, फौजदार. तुमचं नाव कुठेही येणार नाही, असं पुन्हा पुन्हा म्हणाल्या. हात हातात घेतला.

आणि खाली उतरल्या तर फौजदारांनी त्यांना दारात थांबवलं! वरून पाहिलं मी. बराच वेळ बोलत होते.

१२ मार्च, बुधवार

काय सांगितलं असेल त्यांनी? जेवण जात नाही. हे म्हणाले, "उद्या नको जमायला." सासूबाईंना कानाशी ओरडून सांगितलं. "बरं, मग मी एकटी गाते," म्हणाल्या. झालं!

१३ मार्च, गुरुवार

सगळे आले. म्हातारीला एकटं कोण गाऊ देणार?

मशीनवर बसले आणि पट्टा तुटला. घरात दुसरा नाही. हे हातानेच खुणावत होते, थांबा, थांबा! सासूबाईंना कसलं काय — त्यांनी सूर लावला, खणखणीत! ह्यांचा चेहरा पांढराफटक.

तेवढ्यात खालून ठोकाठोक सुरू झाली. हातोडी. दणादण, न थांबता. वाटलं, संपलं सगळं. पण वर कोणी आलं नाही. नुसतं ठोकणं. मी उठले, आत जाऊन सासूबाईंच्या शेजारी बसले आणि गायले. किती दिवसांनी! त्यांनी न बघताच माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

शेवटची ओळ आम्ही दोनदा म्हणतो. पहिल्यांदा म्हटली, हातोडी चालूच होती. दुसऱ्यांदा म्हटली — आणि हातोडी थांबली.

१४ मार्च, शुक्रवार

जिन्यात फौजदार. अंगठ्याला पट्टी. "मशीन दुरुस्त करून घ्या बाई, हातोडी झेपत नाही आता." दोन पायऱ्या उतरून थांबले. "आणि त्या पाहुण्या बाईंना सांगितलंय मी, ते सील चुकीचं आहे. वरच्या मजल्यावरच्यांचं नाव नको, पण माझं खुशाल घाला म्हटलं."