उलटा फ्रॉक

ता. ३ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नर्सिंगचं प्रशिक्षण सुरू झालं. वसतिगृह चांगलं आहे, पण जीव तिकडे, बबडीपाशी. वहिनीनं कळवलं की ती रोज सकाळी आकांत मांडते आणि परवा तुला कडकडून चावली. दादा, माझी लेक स्वमग्न आहे, द्वाड नाही. सांगता येत नाही म्हणून चावते. नेमकं काय सोसवत नाही ते मलाही दर वेळी कळत नाही. तुम्हाला झेपत नसेल तर आडपडदा न ठेवता लिही. प्रशिक्षण सोडून मी परत येईन.

माझ्यावर आहे तेवढीच माया तिच्यावर असू दे.
तुझी धाकटी

ता. १२ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

परत यायचं नावही काढू नकोस. चावल्याची खूण मी दुकानात गिऱ्हाइकांपुढे मिरवतो!

अगं, मामाच्या हौसेनं मी तिला नवे फ्रॉक शिवले. आतून जाड शिवण, मानेपाशी दुकानाच्या नावाची पट्टी. रोज सकाळी तुझी वहिनी ते घालायची आणि रडारड सुरू. मी आपला म्हणायचो, भाची मुलखाची तापट. काल तिनं फ्रॉक ओरबाडून काढला, उलटा केला आणि पुन्हा अंगात घातला. शिवण बाहेर, पट्टी बाहेर, आणि पोर गप्प! मी मशीन थांबवून बघतच राहिलो. मला कॉलरमध्ये एक दोरा टोचला तर दिवसभर चिडचिड होते. हिनं इतके दिवस एवढं टोचणं अंगावर वागवत जेवण केलं, माझ्याशेजारी बसून बटणं ओळीनं लावून ठेवली. एवढीशी पोर हे बळ आणते कुठून?

तुझी वहिनी म्हणाली, शिंप्याच्या घरची पोर उलटे कपडे घालून फिरली तर लोक हसतील. म्हटलं, खुशाल हसू देत.

आज तर कमाल झाली. सगळे फ्रॉक आणून तिनं मशीनवर ठेवले, माझं बोट धरलं आणि एकेका शिवणीवर टेकवलं. आता सगळे उसवून बसलोय.

अभ्यास नीट कर, आमची आठवण ठेव.
दादा

ता. १९ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वर्गात हुंदका आवरेना. बाईंनी विचारलं, घरी काही वाईट घडलं का? म्हटलं, नाही, चांगलंच घडलं.

मी येत नाही, दादा. शिकूनच येईन. आपल्याला काय टोचतं, ते बबडीनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी दाखवलं. न चावता.

वहिनीला नमस्कार. लोभ वाढतोच आहे, तो वाढू दे.
तुझी धाकटी