मिस्सा होईपर्यंत पाणी नाही

मास्तर, आज काकूंनी माझ्याकडे पाणी मागितले आणि मी ते दिले नाही. धंतोलीतल्या एका दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर खिडकीलगतच्या खाटेवर त्या आहेत. पोटाचे ऑपरेशन आज दुपारी व्हायचे होते, म्हणून सकाळपासून तोंडात थेंबही घालायचा नाही अशी ताकीद होती. मी कॉलेजातून रजा काढून बसले होते. नियम पाळून घेण्याचे काम आपसूक माझ्याकडे आले, ते नेहमी येते तसे. ओला कापूस मी त्यांच्या ओठांवरून फिरवत होते, तेव्हा त्यांनी माझे मनगट धरले. "घोटभर दे वं पोरी. ते डाक्टर मारन तवा मारन, तू त्याच्या आधीच मारून राहिली मले." शेजारच्या खाटेवरची बाई हसली. मग काकूंनी तो प्रश्न विचारला, जो तुमच्या जाण्यानंतरच्या वीस वर्षांत त्यांनी मला एकदाच विचारला होता: "त्याहिनं पानी मांगलं होतं का वं?" मी तेव्हा जे म्हणाले होते तेच म्हणाले. नाही, काकू. तीन वाजता डॉक्टरांनी ऑपरेशन उद्यावर ढकलले आणि मला बाहेर बोलावून सांगितले की हृदय फार थकलेले आहे, त्या शुद्धीवर येतीलच अशी खात्री देता येत नाही. तुम्हा दोघांना मूलबाळ नाही, तेव्हा संमतीच्या कागदावर सही मी केली. तुम्ही पाणी मागितले होते, हे ठाऊक असलेली माणसे दोनच. त्यांतले एक तुम्ही आहात. म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. उद्या सकाळी सातला त्यांना आत नेतील.

मी चौदा वर्षांची असताना तुम्ही मला धर्मशिक्षणाच्या वर्गात मदतीला घेतलेत. मला सगळी प्रश्नोत्तरी तोंडपाठ होती आणि ती पाठ नसलेल्यांची मला कीव येत असे. एकदा पहिल्या कम्युनियनच्या, पहिल्या प्रभुभोजनाच्या तयारीत एक सात वर्षांची मुलगी पश्चात्तापाच्या प्रार्थनेत अडखळली. मी तिला पाच वेळा पहिल्यापासून म्हणायला लावले. पाचव्या वेळी तिने उभ्या उभ्या परकर ओला केला. तुम्ही तिला उचलून काकूंच्या स्वयंपाकघरात नेलेत. मी मागोमाग आले. काकू चुलीपुढे भाकरी थापत होत्या, ती मुलगी त्यांच्या मांडीवर बसून गूळ खात होती, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुले चूक बरोबर दिसते. मानूस नाही दिसत." मला ते लागले, पण पटले नाही. तुमचे व्याकरण कच्चे आहे, तुम्ही प्रवचनात दृष्टान्त अर्ध्यावर सोडता, मुलांशी फार सलगीने वागता, ही माझी तुमच्याविषयीची मते त्या दिवशी आणखी घट्ट झाली. त्यानंतरही तुमच्या घरी येणे मी सोडले नाही. माझ्या घरी कोणी माझ्याशी वाद घालण्याइतके वाचलेले नव्हते, आणि तुम्ही वाचलेले नसूनही घालत होता.

मग चर्चमध्ये तो बदलांचा काळ आला. लॅटिन गेले, फादर आता लोकांकडे तोंड करून मराठीत मिस्सेची प्रार्थना म्हणू लागले, मध्यरात्रीपासूनचा उपवास आक्रसत आक्रसत कम्युनियनच्या आधी तासाभरावर आला. पाण्याने तर उपवास मोडतच नव्हता. तुम्हाला आनंद झाला. "आता आमच्या आयाबहिनीले समजन तरी देवासंग काय बोलनं चालू हाये," असे तुम्ही म्हणालात. मला ती घसरण वाटली. मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते आणि आपल्या युवक मंडळाची चिटणीस. उपवासकाळातल्या पाचव्या रविवारी डोंगरावरच्या मरियामाउलीच्या गुहेपर्यंत पायी यात्रा न्यायची, शनिवारी दुपारी निघून वाटेत मिशनच्या शाळेत मुक्काम करायचा, रविवारी पायथ्यापासून क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने चढत गुहेशी दुपारची मिस्सा करायची, हे तुम्ही ठरवलेत. त्यात भर घातली ती मी. सभेत मी वाचून दाखवले: रविवारी उठल्यापासून मिस्सा होईपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, जुन्या लोकांनी पाळले तसे.

ती सभा मला अजून ऐकू येते. रेल्वेत फिटर असलेला आणि मंडळात ढोलकी वाजवणारा तो थोराड तरुण मागच्या बाकावरून विचारतो, "सेक्रेटरीबाई, थुका गिळला तर चालन का तो बी पाप?" सगळे हसतात. मी म्हणते, "ज्यांना यात्रा म्हणजे सहल वाटते त्यांनी अंबाझरीच्या तलावावर जावे." हसणे थांबते. तुम्ही उठता. "अवं बाप्पा, चैताचं ऊन हाये. जुने लोक सकाळी साताले मिस्सा करत होते, बारा वाजता नाही. पानी काहून बंद करतं?" हे बिनतोड होते, म्हणून मी वाट बदलली. मी म्हणाले, "मास्तर, तुम्हाला जमणार नसेल तर तुमच्यापुरती सूट ठेवू." हात वर करून मत घेतले गेले. वीस-एकवीस वर्षांच्या मुलांसमोर कोणी म्हातारा म्हटल्यासारखे बोलले, की माणूस काय करील हे मला चांगले कळत होते. तुम्ही हात वर केलात. "पोरं नाही पेत तं मी बी नाही पेत," म्हणालात. फादरांपर्यंत तो नियम आपण नेलाच नाही, कारण ते जीपने थेट गुहेशी येणार होते.

शनिवारी निघताना काकूंनी तुमच्या सदऱ्याच्या खिशात कांदा कोंबला, ऊन लागू नये म्हणून सगळे ठेवतात तसा. आणि त्यांच्या माहेरचा, एका बाजूला पोचा आलेला, फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या माझ्या हाती दिला. "याहिचं काही खरं नाही," त्या तुमच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "कोनं काही म्हनलं का हो म्हनतेत. हा तुह्यापाशी ठेव." मी तो ठेवला. मंडळाच्या नियमात त्याची नोंदही केली: एक तांब्या पाणी, कोणी कोसळल्यास. कोसळण्याच्या आधी काय, हे मी लिहिले नव्हते.

रविवारी सकाळी शाळेच्या विहिरीवर मी तो तांब्या भरला, झाकण करकचून फिरवले आणि पिशवीत उभा ठेवला. आठ वाजताच हवा तापलेली होती. पळस फुलून गेलेला, पण एकही पान नसल्याने सावली कुठेच नव्हती. पहिले दोन तास मुले गात होती. मग गाणी बंद पडली आणि नुसत्या चपलांचा आवाज उरला. तुम्ही रोझरीची माळ सुरू केलीत. उपवासकाळातला रविवार, म्हणजे दुःखाची रहस्ये. तुम्ही म्हणालात, "तिसरे रहस्य, येशूचा जन्म." मी रांगेच्या मागून मोठ्याने दुरुस्त केले, "काट्यांचा मुकुट, मास्तर." तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा म्हणालात, येशूचा जन्म. कोणीतरी खुदकन हसले. चौथ्या रहस्यात 'नमो मरिये' दहाच्या जागी तेरा झाले, चौदा झाले, तुम्ही थांबेचनात. बोटांतला मणी पुढे सरकत नव्हता. तुम्ही एकाच मण्यावर होता. मी जवळ येऊन म्हणाले, "चौदा झाले. मोजता येत नसेल तर मी म्हणते." आणि मी म्हणू लागले. माझी मोजणी अचूक होती. तुमच्या कपाळावर घाम नाही, सदरा पाठीला चिकटलेला नाही, कोरडा फडफडतो आहे, हेही मी पाहिले होते. पाहून मला वाटले, मास्तरांना त्रास होत नाही.

डोंगराच्या पायथ्याशी यात्रेचा लाकडी क्रूस तुम्ही घेतलात, फिटरने मागितला तरी दिला नाहीत. सहाव्या स्थानापाशी सगळे गुडघे टेकून उठले आणि पुढे गेले. तुम्ही मागे राहिलात, क्रूस एका खडकाला टेकवलात आणि माझ्याजवळ आलात. इतक्या हळू आवाजात बोललात की जणू मीच मोठी आणि तुम्ही लहान. "पोरी, जरा पानी दे वं मले. घोटभर." पिशवी माझ्या खांद्यावर होती. मी म्हणाले, "आता आठच स्थाने उरली आहेत, मास्तर. तुम्हीच नियम मोडलात तर मुले काय शिकतील?" तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. रागाने नाही, हे मी शंभर वेळा आठवून तपासले आहे. "बरोबर हाये तुहं," म्हणालात, आणि क्रूस उचललात.

सातव्या आणि आठव्या स्थानांच्या मध्ये, जिथे काहीच नाही, एक बाभूळ आहे फक्त, तिथे तुम्ही बसलात आणि मग आडवे झालात. झाकण उघडेना. ते मीच आवळले होते, आणि पितळ तापले होते. फिटरने ते दगडाने ठोकून फिरवले. तुमचे दात घट्ट बसले होते. तोंडात घातलेले पाणी गालावरून कानात गेले. मग आम्ही ते डोक्यावर, छातीवर शिंपडले. खिशातला कांदा घरंगळून उताराला लागला. मुलांनी तुम्हाला चादरीच्या झोळीत घालून खाली बैलगाडीपर्यंत नेले, तिथून सडकेवर एक मालट्रक थांबवला. नागपूर यायच्या आधीच तुम्ही गेला होता.

अहवाल मी लिहिला. चिटणीस मीच होते आणि माझ्यासारखे मराठी लिहिणारे मंडळात दुसरे कोणी नव्हते. त्यात मी लिहिले की नवव्या स्थानाशी, जिथे प्रभू तिसऱ्यांदा पडतो, तिथे मास्तर कोसळले. सातव्या-आठव्यामधल्या बाभळीने वाक्याला उंची येत नव्हती. आणि लिहिले की पाणी देऊ केले असता त्यांनी नेम मोडण्यास नम्रपणे नकार दिला. फादरांनी तो रविवारी मिस्सेत वाचून दाखवला. बायका रडल्या. तुमचा फोटो धर्मशिक्षणाच्या खोलीत लागला, हार घालून. दुसऱ्या आठवड्यात मी तांब्या परत करायला गेले, तेव्हा काकूंनी तो उलटा करून हलवला. "हा तं रिकामा हाये. त्याहिनं नाही म्हनलं, तं पानी कोनं पेलं?" मी सांगितले, तोंडावर शिंपडले. "मांगलं होतं का त्याहिनं?" नाही, काकू. त्यांनी तांब्या फळीवर ठेवला, तो पुन्हा खाली काढला नाही.

मी रचलेल्या त्या नकाराने काकूंचे काय केले हे तुम्ही पाहिलेले नाही. दर दोन नोव्हेंबरला सगळे लोक कबरी धुऊन फुले घालतात, मेणबत्त्या लावतात. काकू कब्रस्तानच्या फाटकापर्यंत येतात आणि तुमच्याकडे पाठ करून ओट्यावर बसतात. मेणबत्त्या माझ्या हाती देतात. "तूच लाव. तुमचा दोघाईचा नेम होता तो. देवाले खूष केलं, मले कोनं पुसलं? घोटभर पानी घेतलं असतं तं आज घरी राह्यले असते." वीस वर्षे त्या तुमच्यावर रागावून आहेत, जे तुम्ही केलेच नाही त्यासाठी. वीस वर्षे मी त्यांच्या घरी भाजी पोचवते, औषधे आणते, पेन्शनच्या कागदांवर त्यांचा अंगठा घेते. वस्तीत लोक मला त्यांची लेक म्हणतात आणि मी ते म्हणू देते. पापनिवेदनात मी अहंकार सांगितला आहे, उतावळे मत बनवणे सांगितले आहे, कठोर बोलणे सांगितले आहे. सगळे खरे होते, आणि त्या खऱ्याच्या आड हे मी नीट लपवून ठेवले.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहून काढते आहे. संध्याकाळचे सहा वाजले आहेत. पहिली प्रत पहिल्या पानावरच्या खाडाखोडीमुळे फाडली, दुसरी वाक्यरचना सैल वाटली म्हणून. काकूंना वाचता येत नाही. त्यांना हे कळायचे तर मला त्यांच्या उशाशी बसून तोंडाने सांगावे लागेल, आणि बोलताना खाडाखोड करता येत नाही. उद्या सहाला मी तिथे असेन. त्या पुन्हा पाणी मागतील आणि मला पुन्हा नाही म्हणावे लागेल. यावेळी नियम बरोबर आहे. त्यानंतर एक तास उरेल. त्या एका तासात मी काय बोलेन, हे तुम्हाला लिहून देण्याइतका मला माझा भरवसा नाही.

आणि तांब्याबद्दल. सगळे पाणी आम्ही तुमच्यावर शिंपडले नव्हते, मास्तर. तुमची झोळी उताराआड गेली, मुले तिच्यामागे धावली, आणि मी पिशव्या गोळा करायला म्हणून बाभळीखाली मागे राहिले. तांब्या निम्मा भरलेला होता. वर गुहेशी मिस्सेची घंटा अजून झाली नव्हती. मी तो उभ्यानेच तोंडाला लावला आणि तळाशी थेंब उरेपर्यंत प्यायले. पितळ बाहेरून चटके देत होते. आतले पाणी मात्र अजून गार होते.